बायोमेडिकल इंजिनियर म्हणजे नक्की कोण?



बारावीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांत दरवर्षी एक ठरलेला खेळ सुरू होतो. कोणाला किती टक्के पडले, सीईटीचा पर्सेंटाइल किती, आणि मग 'पुढे काय?' पूर्वी या प्रश्नाची दोनच उत्तरं होती, डॉक्टर किंवा इंजिनियर. आता उत्तरं पन्नास झाली आहेत आणि प्रश्न तेवढाच राहिला आहे. यंदा आमच्या घरातल्या यादीत 'बायोमेडिकल इंजिनियरिंग' हे नाव आलं आणि जेवणाच्या ताटावर चर्चासत्र भरलं. एक काका म्हणाले, "म्हणजे एक्स-रे मशीन दुरुस्त करणार का?" आत्या म्हणाली, "अरे वा, म्हणजे डॉक्टरच की!" आणि ज्येष्ठ मंडळींनी निकाल दिला, "धड ना इकडे, धड ना तिकडे."

या तिन्ही वाक्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण हा विषय कुठून आला, कोणी आणला आणि कशासाठी आणला हे कळल्याशिवाय तो घ्यावा की नाही हे ठरवता येत नाही. म्हणून हा इतिहासाचा फेरफटका. लेख लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी नावांचा घोळ मिटवू. 'बायोइंजिनियरिंग' ही मोठी छत्री. सजीवांशी संबंधित काहीही इंजिनियरच्या पद्धतीनं समजून घेणं आणि घडवणं तिच्यात येतं. पेशी वाढवणं, जैविक पदार्थ तयार करणं, सगळं. 'बायोमेडिकल' हा त्याच छत्रीखालचा, थेट रुग्णाशी जोडलेला भाग. ईसीजी, डायलिसिस, पेसमेकर, कृत्रिम सांधे, व्हेंटिलेटर, एमआरआय. आणि त्यातही हॉस्पिटलमध्ये बसून ही यंत्रं निवडणारा, तपासणारा, चालू ठेवणारा जो माणूस, त्याला 'क्लिनिकल इंजिनियर' म्हणतात. हा तिसरा माणूस लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच यायचं आहे.

गंमत म्हणजे या विषयाची पदवी येण्याच्या कितीतरी आधी हा विषय जन्माला आला होता. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ नावाचा एक तरुण डॉक्टर होता. साल १९४३, देश जर्मनांच्या ताब्यात, बाजारात काही मिळेना. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचं रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करता येईल, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यानं काय वापरलं? सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी. ती एका मोठ्या फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली आणि पिंप मिठाच्या द्रावणात फिरवलं. पहिल्या पंधरा-सोळा रुग्णांपैकी जवळजवळ कोणीच वाचलं नाही. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. आज डायलिसिसच्या खुर्चीत बसून पेपर वाचणारा माणूस दिसला की त्यामागे ते सॉसेजचं सेलोफेन आहे, हे आठवावं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिनियापोलिसची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. त्यानंतर काही मुलांच्या हृदयाचे ठोके बिघडत, म्हणून काही दिवस बाहेरून विजेचे झटके द्यावे लागत. त्यासाठीचं यंत्र भलंमोठं होतं आणि ते भिंतीतल्या प्लगवर चालायचं. मूल खोलीबाहेर न्यायचं तर मागे लांबच लांब वायर. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज काही तास गेली. त्या अंधारात एक मूल दगावलं, असं ही हकिगत सांगणारे सांगतात. लिलेहायनं दुसऱ्या दिवशी अर्ल बॅकन नावाच्या माणसाला बोलावलं आणि म्हटलं, बॅटरीवर चालणारं काहीतरी करून दे.

हा बॅकन कोण? विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधली उपकरणं दुरुस्त करणारा एक इलेक्ट्रिकल इंजिनियर. १९४९ साली त्यानं आपल्या मेहुण्याबरोबर एका गॅरेजमध्ये दुरुस्तीचा धंदा सुरू केला होता. त्यानं 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाचा जुना अंक काढला. त्यात गाण्याच्या तालासाठी वापरतात त्या मेट्रोनोमचं सर्किट छापलं होतं. ठराविक अंतरानं टिक-टिक करणारं सर्किट, हृदयालाही तेच हवं असतं! चार आठवड्यांत हातात मावेल अशी डबी तयार झाली आणि लवकरच ती एका लहान मुलाला लावलीही गेली. गॅरेजमधल्या त्या धंद्याचं नाव मेडट्रॉनिक. आज ती वैद्यकीय उपकरणांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे.

काकांच्या "मशीन दुरुस्त करणार का?" या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. हो, करणार. पेसमेकरची डबी मशीन दुरुस्त करणाऱ्याच्याच हातून आली, कारण वॉर्डात काय अडतं हे रोज पाहणारा तोच होता.

विद्यापीठांत हा विषय रीतसर आला तो यानंतर, १९६० च्या दशकात. सरकारी पैसा आला, डॉक्टरेट सुरू झाल्या, विभाग उभे राहिले. तरी हॉस्पिटलमध्ये इंजिनियर ठेवायची गरज बऱ्याच जणांना वाटत नव्हती. तिला धक्का दिला राल्फ नेडरनं. मोटारींच्या सुरक्षिततेवरून कंपन्यांना घाम फोडणारा तोच नेडर. मार्च १९७१ मध्ये त्यानं बायकांच्या एका लोकप्रिय मासिकात लिहिलं, की अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत दरवर्षी किमान १२०० माणसं विजेच्या धक्क्यानं मरतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण हृदयापर्यंत गेलेली नळी असेल तर अगदी सूक्ष्म प्रवाहही जीव घेऊ शकतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर फक्त 'हृदय बंद पडलं' एवढंच लिहिलं जातं. १२०० हा आकडा कधीच सिद्ध झाला नाही. पण भीती खरी होती. हॉस्पिटलांनी विजेची गळती मोजायला माणसं नेमली आणि क्लिनिकल इंजिनियर हा पेशा अमेरिकेत पक्का झाला.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे सुरुवात झाली ती पायांपासून. दुसऱ्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. पुण्याचं हे केंद्र आजही चालू आहे. पण परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा. आपला माणूस अनवाणी चालणार, शेतात चिखलात उतरणार, जेवायला मांडी घालणार आणि सकाळी उकिडवा बसणार. ताठ घोट्याचा पाय त्याच्या काय कामाचा? याचं उत्तर जयपूरला मिळालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा, घोट्यात वळणारा, दिसायलाही पायासारखा पाय घडवला. शर्मांचं शालेय शिक्षण जेमतेम होतं, पण हात कसबी होते. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेली मुंबईची सुधा चंद्रन पुढे तोच पाय लावून भरतनाट्यम नाचली आणि तिच्यावर सिनेमाही निघाला, हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको.

इथे एक गोष्ट टोचते. पुरस्कार डॉक्टरांना मिळाला, आणि तो योग्यच होता. कारागिराचं नाव मात्र कितीतरी घरांत माहीत नाही. डॉक्टर आणि वस्तू घडवणारा यांच्यातली ही उतरंड आपल्याकडे जुनी आहे. बायोमेडिकल इंजिनियरला हॉस्पिटलमध्ये पुढे जे सोसावं लागतं, त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

विद्यापीठीय शिक्षणाचा आपल्याकडचा मोठा टप्पा १९७१ चा. दिल्लीत आयआयटी आणि एम्स या दोन संस्थांनी मिळून सेंटर फॉर बायोमेडिकल इंजिनियरिंग सुरू केलं. दोन्ही संस्था एकाच रस्त्याच्या अंतरावर, पण तोवर एकीतला माणूस दुसरीत औषधाला नसायचा. (शब्दशः!) त्यानंतर केरळात तिरुअनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्था. तिचे संचालक डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयाचे सर्जन. ऱ्हुमॅटिक फीव्हरनं झडपा खराब झालेली गरीब घरची तरुण मुलं त्यांच्यासमोर रोज येत आणि आयात केलेली कृत्रिम झडप त्यांना परवडत नसे. मग झडप इथेच करायची ठरलं. सर्जन, धातूतज्ज्ञ, इंजिनियर सगळे एका छताखाली बसले. पहिली तीन मॉडेलं बाद झाली. एका प्रकारात कृत्रिम नीलमण्याची चकती वापरली होती, तीही टिकली नाही. चौथ्या मॉडेलमध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि विशिष्ट पॉलिथिनची चकती होती. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. आजवर अशा एक लाखाहून जास्त झडपा बसल्या आहेत.

विचार करा, झडपेनं वर्षाला साधारण चार कोटी वेळा उघडझाप करायची आहे आणि एकदाही चुकायचं नाही. आमच्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, चार कोटी आवर्तनं न चुकता चालणारा भाग बनवणं म्हणजे काय! आणि हा भाग काढून बदलायचा म्हणजे छाती उघडायची.

आपल्या महाराष्ट्रात मुंबई हे या विषयाचं माहेर. आयआयटी मुंबईत १९८८ साली स्कूल ऑफ बायोमेडिकल इंजिनियरिंग सुरू झालं. पुढे ते बायोटेक्नॉलॉजीशी एकत्र येऊन आजचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनियरिंगचा विभाग झाला. तिथल्या एमटेकच्या वर्गाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे एमबीबीएस झालेले आणि बीई झालेले एकाच बाकावर बसले. इंजिनियरनं शरीरक्रियाशास्त्र शिकायचं, डॉक्टरनं गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स. पदवीच्या पातळीवर मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही कॉलेजांत बायोमेडिकलची बीई शिकवली गेली. वांद्र्याचं थडोमल शहानी, वडाळ्याचं विद्यालंकार ही त्यातली माहितीची नावं.

विद्यापीठाबाहेरही एक मोठी शाळा होती ती ट्रॉम्ब्याला. भाभा अणुसंशोधन केंद्रानं कॅन्सरच्या रेडिएशनसाठी 'भाभाट्रॉन' हे कोबाल्टचं यंत्र घडवलं आणि २००० च्या दशकात खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ते बसलं. कोबाल्टच का? कारण कोबाल्ट-६० मधून किरणं निघायला वीज लागत नाही. त्याचं अर्ध-आयुष्य सव्वापाच वर्षांचं, म्हणजे काही वर्षांनी तो बदलला की झालं. मोठ्या शहरांतल्या लिनॅक यंत्राला मात्र स्थिर वीज, थंड हवा आणि सतत देखभाल लागते. ज्या जिल्ह्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे कोणतं यंत्र चालेल हा विचार यंत्र बनवण्याआधी झाला. पुढे २०१० मध्ये असंच एक यंत्र भारतानं व्हिएतनामला भेट दिलं.

आणि २०१४ साली आयआयटी मुंबईतच प्रा. बी. रवी यांनी राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं 'बेटिक' सुरू केलं. डॉक्टरनं आपली अडचण सांगायची, इंजिनियर मुलांनी ती हॉस्पिटलमध्ये जाऊन पाहायची आणि मग उपकरण घडवायचं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथेही त्याच्या शाखा निघाल्या. पुणे, नागपूर, मुंबई. चौथं नाव कोणाचं असायला हवं होतं, हे नाशिककराला सांगायला नको! :)

तर आता नाशिक.

या विषयात नाशिकचं स्थान मोठं मजेशीर आहे. राज्यातल्या बहुतेक मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग कॉलेजांचं विद्यापीठ, म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली आपल्याकडे म्हसरूळला आलं. राज्यातल्या डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकचा शिक्का असतो. दुसरीकडे ओझरला विमानं बनतात, सातपूर-अंबडला स्विचगियरपासून इंजेक्टरपर्यंत सगळं. इंजिनियरिंग कॉलेजांची तर रेलचेल, पण ती पुणे विद्यापीठाकडे. एका गावात दोन विद्यापीठांचे दोन संसार. अकरावीला सोळाव्या वर्षी मूल 'बायो' की 'मॅथ्स' हे ठरवतं आणि तिथून जे दोन रस्ते फुटतात ते पुन्हा कुठे मिळतच नाहीत. डॉक्टरला सर्किट कळत नाही, इंजिनियरला नाडी कळत नाही. बायोमेडिकल हा या दोन रस्त्यांमधला पूल आहे, आणि आपल्या गावात दोन्ही काठ असून पूल अरुंद आहे.

नाशिकच्या मुलानं हा पूल ओलांडल्याचं उदाहरण मात्र आहे. रमेश रासकर. नाशिकचे, सीओईपीचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक. प्रकाशाच्या प्रवासाचं चित्रण करणारा कॅमेरा ही त्यांची गाजलेली गोष्ट. पण मला त्यांच्या गटाचं २०१० चं 'नेत्रा' जास्त भावतं. मोबाइलच्या स्क्रीनवर भिंगाचा एक स्वस्त तुकडा लावायचा, डोळा त्याला टेकवायचा. आत दोन रेघा दिसतात. बटणं दाबून त्या एकमेकींवर आणायच्या. रेघा जुळवायला जितकं सरकवावं लागलं, त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. महागड्या यंत्रात प्रकाश डोळ्यात सोडून परत येणारा मोजतात. इथे तेच उलटं केलं, मोजायचं काम रुग्णाच्या स्वतःच्या डोळ्यालाच दिलं. चष्मा नाही म्हणून फळ्यावरचं दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुलं आपण सगळ्यांनीच वर्गात पाहिली आहेत. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी रासकरांनी 'कुंभाथॉन' भरवून इथल्या तरुणांना गर्दी, आरोग्य, स्वच्छता अशा प्रश्नांवर कामाला लावलं. २०१६ साली त्यांना पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला.

इथे लेख संपवला असता तर छान वाटलं असतं. पण नाशिकच्या इतिहासात या विषयाचं आणखी एक पान आहे, आणि ते वगळून कोणाला 'घे बायोमेडिकल' म्हणणं मला जमणार नाही.

२१ एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. द्वारकेजवळ महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. तिथल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. आवारात पांढऱ्या धुक्याचे लोट उठले. ती दृश्यं आपण टीव्हीवर पाहिली. बाहेर सगळीकडे ऑक्सिजन होता आणि आत वॉर्डातल्या नळीत नव्हता. किमान २२ रुग्ण गेले. आपल्या गावातल्या कित्येकांच्या ओळखीतलं कोणीतरी त्या यादीत होतं.

चूक कोणाची हे ठरवायला चौकशी समिती नेमली गेली. ते काम तिचं, मी इथे करणार नाही. मला फक्त यंत्रणा कशी चालते ते सांगायचं आहे, कारण त्या दिवसानंतर सुद्धा आपल्यापैकी फार कमी जणांना ते माहीत आहे. ऑक्सिजन उणे १८३ अंशाला द्रव होतो. एक लिटर द्रवाचा साधारण ८५० लिटर वायू होतो, म्हणून टाकी ठेवणं सोयीचं. द्रवाचा वायू होऊन तो तांब्याच्या पाइपलाइनमधून खाटेपर्यंत येतो, आणि पाइपमध्ये साधारण चार बार इतका दाब लागतो. व्हेंटिलेटर त्या दाबावर अवलंबून असतो. दाब पडला की व्हेंटिलेटर भोंगा वाजवतो, पण भोंग्यानं श्वास येत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की अशा पाइपलाइनला तीन स्वतंत्र स्रोत हवेत. टाकी गेली तर दुसरा, तोही गेला तर राखीव. आणि दाब पडताच कोणी कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा, कोणत्या खाटेला आधी सिलिंडर लावायचा, याची तालीम व्हायला हवी. आगीची होते तशी.

आता १९५७ चं मिनियापोलिस आठवा. तिथे वीज गेली, इथे दाब गेला. जीव टांगलेला होता तो बाहेरून येणाऱ्या एकाच धाग्यावर. तिथे दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं एका इंजिनियरला हाक मारली. प्रश्न असा, की आपल्याकडे हाक मारायला हॉस्पिटलमध्ये कोण होतं?

मी एकट्या नाशिकबद्दल बोलत नाही. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागून १० बाळं गेली. नाशिकनंतर दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, विरारच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आग. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. या ठिकाणी माणसं गेली ती इमारतीत आणि यंत्रणेत बिघाड झाल्यानं. आजार त्यांना जिथे घेऊन आला होता, तिथेच.

याआधी केंद्र सरकारनं देशातल्या सरकारी आरोग्य केंद्रांतल्या उपकरणांची मोजदाद केली होती. साडेसात लाखांहून जास्त उपकरणं मोजली गेली. वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद आढळली. शंभरातली चौतीस! त्यावरून २०१५ मध्ये देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उपकरण विकत घेताना फोटो निघतो, फीत कापली जाते, पाटी लागते. देखभालीची पाटी कोणी लावत नाही.

म्हणून घरातल्या चर्चेला माझं उत्तर असं.

हा कोर्स करून डॉक्टर होता येत नाही, हे पहिलं. आत्याची माफी मागून. प्रवेश इंजिनियरिंगच्या वाटेनं आहे, गणित आणि फिजिक्स टाळता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल, पदार्थविज्ञान, प्रोग्रॅमिंग आणि त्याच्या जोडीला शरीरक्रियाशास्त्र, हे सगळं चार वर्षांत बसवायचं म्हणजे प्रत्येकातलं थोडं थोडंच येतं, ही ज्येष्ठांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे एका बाजूला पाय घट्ट रोवणं. बरेच जण आधी इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल करून एमटेकला इकडे वळतात, तीही चांगली वाट आहे. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे.

नोकऱ्यांचं चित्र गुलाबी रंगवणार नाही. आपल्याकडची बहुतेक मोठी उपकरणं बाहेरून येतात, त्यामुळे डिझाइनपेक्षा विक्री आणि सर्व्हिसच्या जागा जास्त असतात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या चुलत भावापेक्षा कमी असेल आणि दिवाळीला तो विषय निघेल. पण वारं बदलतं आहे. २०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम आले आणि २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत घेतली गेली. चाचण्या, प्रमाणपत्रं, गुणवत्ता, यासाठी माणसं लागणारच.

आणि सर्व्हिस म्हणजे कमी प्रतीचं काम, हे डोक्यातून काढा. कोल्फ, बॅकन, जयपूरचे रामचंद्र शर्मा, वलियाथनांची मंडळी, ही सगळी माणसं एका ठरावीक माणसाची ठरावीक अडचण घेऊन बसली होती. अडचण जवळून पाहिल्याशिवाय यंत्र सुचत नाही. जिल्हा रुग्णालयात तीन वर्षं काढलेल्या मुलीला जे सुचेल ते वातानुकूलित लॅबमध्ये सुचणार नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे सध्या उणीव आहे ती अशा माणसाची, आणि त्याला हॉस्पिटलच्या बैठकीत डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची देण्याच्या समजुतीची. त्याच्या सहीशिवाय पाइपलाइन सुरू होणार नाही, असा अधिकार त्याला मिळायला हवा. पदव्या काढून हा प्रश्न अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा पदं भरून सुटेल.

२०२६-२७ चा सिंहस्थ आपल्या दारात येतो आहे. रस्ते, घाट, पूल यांच्या याद्या आपण पेपरात वाचतो आहोत. त्या यादीत प्रत्येक सरकारी रुग्णालयासाठी एक क्लिनिकल इंजिनियर आणि वर्षातून दोनदा ऑक्सिजन बंद पडल्याची तालीम एवढं जरी आलं, तरी माझ्यासारख्या सामान्य नाशिककराला पुष्कळ झालं.

जाताजाता एक विनंती. पुढच्या वेळी कोणाला भेटायला किंवा स्वतःसाठी हॉस्पिटलमध्ये जाल तेव्हा खाटेशेजारच्या मॉनिटरच्या किंवा पंपाच्या बाजूला पाहा. तिथे एक छोटं स्टिकर असतं. शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी आहे आणि खाली सही. तारीख उलटून गेली असेल, किंवा स्टिकरच नसेल, तर नर्सबाईंना शांतपणे विचारा, "हे कोण तपासतं?" त्यांच्यावर चिडू नका, त्यांचा दोष नसतो. पण विचारा. चार जणांनी विचारलं की कोणीतरी उत्तर शोधायला लागतं.